तारेचे शेवटचे टोक : ऑस्ट्रेलियातील दूरस्थ आरोग्यसेवेचा इतिहास आणि आपली कुटुंबे

१९१७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली प्रदेशात जिमी डार्सी नावाचा एक तरुण गुराखी घोड्यावरील अपघातात जबर जखमी झाला. त्याला हॉल्स क्रीक या सर्वांत जवळच्या वस्तीत आणण्यात आले. तेथे डॉक्टर नव्हता. होते ते एक तारघर आणि प्रथमोपचाराचे जुजबी शिक्षण घेतलेले पोस्टमास्तर टकेट. टकेट यांनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पर्थ शहरातील डॉ. हॉलंड यांच्याशी तारेने संपर्क साधला. लक्षणे कळवली गेली, मूत्राशय फाटल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे ठरले. डॉक्टरांनी मोर्सच्या कटकटीतून एकेक सूचना पाठवली आणि पोस्टमास्तरांनी भूल न देता, साध्या चाकूने ती अमलात आणली. त्यानंतर डॉ. हॉलंड स्वतः निघाले. आधी बोटीने व पुढे खडतर वाटेने मजल दरमजल करीत ते हॉल्स क्रीकला पोहोचले. डार्सी आदल्याच दिवशी मरण पावला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. त्याचा बळी घेतला तो मलेरियासारख्या दुसऱ्या आजारांनी.

ही घटना या देशात शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु आपण, म्हणजे या देशात स्थायिक झालेली आणि ज्यांच्यातील अनेकजण संगणक व दूरसंचाराच्या क्षेत्रात उपजीविका करतात अशी कुटुंबे, तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहू शकतो. त्या दिवशी तार चोख चालली होती. दूरच्या टोकावरील वैद्यकीय ज्ञानही अचूक होते. कमतरता होती ती रुग्णाच्या टोकाला : योग्य हत्यार नव्हते, औषध नव्हते, आणि जे लक्षण कोणी विचारले नाही ते कळवायला प्रशिक्षित डोळा नव्हता. जाळे पोहोचले म्हणजे सेवा पोहोचली असे होत नाही. दूरस्थ आरोग्यसेवेचा दर्जा तारेच्या शेवटच्या टोकावर, सर्वांत दुर्बळ माणसापाशी मोजावा लागतो. पुढील शंभर वर्षांचा इतिहास हेच पुनःपुन्हा सांगतो.

तार कोणाची, भूमी कोणाची

ॲडलेड ते डार्विन ही सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची तार चार्ल्स टॉड यांच्या देखरेखीखाली १८७२ साली पूर्ण झाली. ती ज्या भूमीवरून गेली, त्या भूमीच्या आदिवासी रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. १८७४ साली बॅरो क्रीक येथील तारघरावर कायडिच लोकांचा हल्ला झाला व ठाण्याचा प्रमुख स्टेपलटन प्राणांतिक जखमी झाला. त्याच्या अखेरच्या तासांत ॲडलेडच्या तारघरात डॉक्टरांना आणि त्याच्या पत्नीला बोलावण्यात आले होते. तारेवरून वैद्यकीय सल्ला आणि पत्नीचा निरोप पोहोचला. त्यानंतर निघालेल्या सूडाच्या मोहिमांत अनेक आदिवासी मारले गेले. एकाच तारेने एका माणसासाठी वैद्य हजर केला, आणि ज्यांच्या भूमीवर तिचे खांब उभे होते त्यांच्या वाट्याला बंदुका आल्या. कोणत्याही संपर्कजाळ्याचा इतिहास लिहिताना त्याची लांबी सांगून थांबता येत नाही. ते कोणासाठी बांधले गेले आणि त्याच्या टोकाशी कोणाला बसू दिले गेले, हेही सांगावे लागते.

पायाने चालणारा रेडिओ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने अंतर्भागातील एकाकी वस्त्यांसाठी वैद्यकीय सेवा उभारण्याचा ध्यास घेतला होता. १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून डॉ. सेंट व्हिन्सेंट वेल्च यांना घेऊन पहिले विमान उडाले. फ्लाइंग डॉक्टर सेवेचा हा आरंभ होय. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे झाली. परंतु विमान सज्ज असूनही एक मूलभूत प्रश्न उरला होता : शेकडो किलोमीटर दूर, तार वा टेलिफोन नसलेल्या वस्तीवरून डॉक्टरला बोलवायचे कसे? त्या काळचे रेडिओसंच अवजड विद्युतघटांवर चालत. ते वाहून नेणे, सांभाळणे आणि भरणे एकाकी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते.

ॲडलेडचे अभियंते आल्फ्रेड ट्रेगर यांनी या प्रश्नाचे उत्तर वापरणाऱ्याच्या पायात शोधले. सायकलीसारखे पेडल मारून वीज निर्माण करणारे जनित्र त्यांनी बनवले. सहज झेपेल अशा गतीने पेडल मारल्यास सुमारे ३०० व्होल्ट दाबाने २० वॅट वीज मिळे, आणि तेवढ्यावर संदेश शेकडो किलोमीटर जाई. जनित्र मेजाखाली जमिनीला घट्ट बसवलेले असल्याने हात मोकळे राहत. १९२९ साली क्वीन्सलंडमधील ऑगस्टस डाउन्स या पशुपालन ठाण्यावर पहिला संच बसवला गेला.

तरीही एक अडथळा शिल्लक होता. संदेश मोर्समध्ये पाठवावा लागे. मुलाला झटके येत असताना आईने ठिपके आणि रेघा आठवत बसायचे, ही अपेक्षाच अमानुष होती. तेव्हा ट्रेगर यांनी टंकलेखन यंत्रासारखा कळफलक तयार केला. अक्षराची कळ दाबली की त्याचा मोर्स संकेत यंत्रच पाठवी. पुढे १९३०च्या दशकात आवाजाने बोलणारे संच आले आणि मोर्सची गरजही संपली. लहरींची ताकद वाढवणे जितके आवश्यक होते, तितकेच घाबरलेल्या माणसाच्या थरथरत्या बोटांचा विचार करणे आवश्यक होते. ज्याला आजच्या परिभाषेत 'वापरकर्त्याचा अनुभव' म्हणतात, तो शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी ट्रेगर यांनी तो लोखंडात आणि तांब्यात घडवला होता.

१९४२ पासून दूरच्या ठाण्यांवर औषधांच्या ठरावीक पेट्या ठेवण्यात आल्या. प्रत्येक औषधावर क्रमांक असे. डॉक्टर रेडिओवरून लांबलचक लॅटिन नाव सांगत नसत, क्रमांक सांगत. खरखरीत आवाजात नाव चुकीचे ऐकू येऊ शकते. आकडा परत म्हणून घेता येतो. पुढे मानवी शरीराचे आकडे घातलेले चित्रही आले. 'कुठे दुखते?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येऊ लागले. जाळे अस्पष्ट आहे हे मान्य करून त्या अस्पष्टतेतही चूक होणार नाही अशी रचना करणे, हा या व्यवस्थेचा खरा शहाणपणा होय.

तिच्या उणिवाही पाहिल्या पाहिजेत. रेडिओ सर्वांना ऐकू येई. दिवसाच्या ठरलेल्या वेळी ठाण्यांवरील स्त्रिया या लहरींवर परस्परांशी गप्पा मारत. गलाह या कलकलाट करणाऱ्या पोपटाच्या नावाने ती वेळ ओळखली जाई. त्या गप्पांनी एकाकीपणा हलका झाला. पण डॉक्टरशी झालेले बोलणेही शेजारच्या साऱ्या ठाण्यांना ऐकू जात असे. ज्या स्त्रीला आपले दुखणे चारचौघांत सांगता येत नव्हते, तिच्यासाठी हे स्पष्ट ऐकू येणारे जाळेही बंदच होते. शिवाय संच असे तो ठाण्याच्या मालकाच्या किंवा मिशनच्या घरात. तेथे राबणाऱ्या आदिवासी कुटुंबाला डॉक्टरपर्यंत पोहोचायचे तर आधी मालकाच्या दारातून जावे लागे. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली, तिच्यामागे अशाच अनुभवांची दीर्घ परंपरा होती. सेवा चालवणारे हातही आपलेच असावेत, ही ती मागणी होती.

उपग्रह आणि अर्ध्या सेकंदाची शांतता

१९८४ साली क्वीन्सलंडच्या वायव्य भागात माउंट आयझाच्या रुग्णालयाला केंद्रस्थानी ठेवून कार्पेन्टेरिया आखाताच्या दक्षिणेकडील पाच दुर्गम गावांसाठी उपग्रहावर आधारित दूरवैद्यकीय प्रकल्प हाती घेण्यात आला. तेथील लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश आदिवासी व टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोक होते. ध्वनिपरिषद, फॅक्स आणि स्थिरचित्र पाठवणारी यंत्रे ही त्याची साधने होती. त्यानंतर तीन दशकांनी, १ ऑक्टोबर २०१५ रोजी, राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याचा स्काय मस्टर हा उपग्रह अवकाशात गेला आणि दुर्गम घरांना वेगवान आंतरजालाचे आश्वासन मिळाले.

येथे वेग आणि विलंब यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. वेग म्हणजे नळाची रुंदी : एका सेकंदात किती माहिती वाहते. विलंब म्हणजे नळाची लांबी : पहिला थेंब यायला किती वेळ लागतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर प्रवास होतो, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्यास जवळपास पाव सेकंद लागतो. उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद. नळ कितीही रुंद केला तरी ही लांबी कमी होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शक सूत्रानुसार संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. भूस्थिर उपग्रह या दोहोंच्या मधोमध येतो : बोलता येते, पण बोलणे सहज राहत नाही.

आता डॉक्टर विचारतात, "छातीत दुखते का?" आणि अर्धा सेकंद काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांना वाटते, रुग्ण घुटमळत आहे. ते दुसरा प्रश्न विचारतात, त्याच क्षणी पहिल्याचे उत्तर येते आणि दोन्ही आवाज एकमेकांवर आदळतात. वृद्ध रुग्ण संकोचून गप्प होतो. यंत्राच्या नोंदीत हे संभाषण यशस्वी ठरते. रुग्णाच्या मनात मात्र 'आपल्याला बोलताच आले नाही' एवढेच उरते. अभियंते म्हणूनच सेवेची तांत्रिक गुणवत्ता आणि माणसाला आलेल्या अनुभवाची गुणवत्ता या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. पहिली यंत्र मोजते. दुसरीसाठी माणसाला विचारावे लागते, आणि त्यासाठी एक ते पाच गुणांची एक जुनी, साधी श्रेणी आजही वापरली जाते.

साथीने शिकवलेला धडा

१ जुलै २०११ पासून मेडिकेअरने दूरच्या भागातील रुग्णांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांच्या व्हिडिओ-सल्ल्यास अनुदान दिले. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली आणि काही आठवड्यांतच सर्व नागरिकांसाठी दूरस्थ सल्ला खुला झाला. २०२२च्या आरंभी ही व्यवस्था कायमस्वरूपी झाली. योजनाकारांच्या मनात व्हिडिओ होता. लोकांनी मात्र टेलिफोन निवडला. कुटुंबडॉक्टरांकडील दूरस्थ सल्ल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सल्ले साध्या फोनवर झाले. फोन सर्वांकडे होता, वापरता येत होता आणि दुबळ्या जाळ्यावरही टिकत होता. पुढे जुलै २०२२ मध्ये दीर्घ फोन-सल्ल्यांच्या अनुदानास कात्री लागली. नोव्हेंबर २०२३ पासून मायमेडिकेअरमध्ये नोंद केलेल्या रुग्णांसाठी ते पुन्हा मिळू लागले. व्हिडिओत डॉक्टरांना अधिक दिसते हे खरेच आहे. परंतु ज्याच्या घरी व्हिडिओ तुटक तुटक चालतो, त्याच्यासाठी उत्तम सेवेच्या आग्रहापायी मध्यम सेवाही हातची जाऊ शकते.

विद्युत आरोग्यनोंदींची कथाही बोधप्रद आहे. १ जुलै २०१२ रोजी नागरिकांनी स्वेच्छेने उघडायच्या नोंदी सुरू झाल्या. प्रतिसाद थंड होता. तेव्हा 'माय हेल्थ रेकॉर्ड' या नावाने नियम उलटा करण्यात आला : जो नकार देणार नाही त्याची नोंद आपोआप उघडेल. ही नकाराची मुदत ३१ जानेवारी २०१९ रोजी संपली, तोवर सुमारे २५ लाख लोकांनी, म्हणजे दहांतील जवळपास एकाने, नकार नोंदवला होता. पोलीस व सरकारी खात्यांना ही माहिती सहज मिळेल, या भीतीने उठलेल्या आवाजामुळे २०१८च्या अखेरीस कायदा बदलावा लागला आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय माहिती देण्यास बंदी झाली. गलाहच्या वेळी रेडिओपुढे गप्प राहणारी स्त्री आणि नोंद नाकारणारा हा नागरिक एकाच प्रश्नाने बांधलेले आहेत : माझे दुखणे आणखी कोण ऐकते आहे? विश्वास हाही जाळ्याच्या गुणवत्तेचाच भाग असतो.

जुने जाळे काढून घेताना

प्रत्येक नवे जाळे जुन्याची जागा घेते आणि जुन्यावर विसंबलेला माणूस मधल्या फटीत सापडतो. तांब्याच्या तारेच्या जुन्या टेलिफोनला वीज केंद्रातूनच मिळे. घरातले दिवे गेले तरी फोन चाले. नव्या ब्रॉडबँडवरील फोन वीज गेली की बंद पडतो. २०१९-२० च्या वणव्यांत संपर्क तुटला तो बहुतांशी वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे. प्रत्यक्ष आगीने जळालेली साधने त्या मानाने थोडी होती. २८ ऑक्टोबर २०२४ पासून देशातील उरलेली थ्री-जी सेवा बंद होऊ लागली. ती बंद करण्यापूर्वी असे लक्षात आले होते की अनेक फोन फोर-जी वापरतात, पण तातडीचा ००० क्रमांक लावताना गुपचूप थ्री-जीवर उतरतात. वृद्धांच्या गळ्यातील संकटसूचक बटणेही कित्येक ठिकाणी त्याच जाळ्यावर होती. या कारणानेच बंदीची तारीख पुढे ढकलावी लागली होती.

८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस कंपनीचे जाळे देशभर कोसळले. नियामक संस्थेच्या चौकशीनुसार २,१४५ जणांचे तातडीचे कॉल लागू शकले नाहीत, आणि कंपनीला १.२ कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. १८ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच कंपनीत फायरवॉल सुधारणेच्या कामात पुन्हा ००० चे कॉल अडले आणि त्या काळात मदत मागणाऱ्यांपैकी काहींचे मृत्यू झाले. या दुसऱ्या वेळी साधे कॉल चालू होते, म्हणून बिघाड तासन्‌तास ध्यानातच आला नाही. सरासरी उत्तम होती. जो कॉल सर्वांत मोलाचा, तोच मेला होता.

येथे आपल्यातील अभियंत्यांवर विशेष जबाबदारी येते. आपण वेगवान कार्यालयीन जाळ्यावर, मोठ्या पडद्यावर, तरुण डोळ्यांनी आज्ञावली तपासतो आणि सरासरी प्रतिसादकाळ दाखवून समाधान मानतो. सरासरीत शेवटचा माणूस दिसत नाही. शंभरांपैकी नव्व्याण्णवाव्या माणसाला किती वेळ थांबावे लागले हे मोजण्याची पद्धत आपल्या व्यवसायात प्रस्थापित आहे. आरोग्यसेवेत ती ऐच्छिक राहू नये. कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतील अंतर काय असते, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही.

मायदेशातही हेच दिसले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ज्यांच्याकडे स्मार्टफोन वा जाळे नाही त्यांनी काय करावे, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला विचारला. याउलट ई-संजीवनी सेवेत आरोग्य केंद्रातील कर्मचारी रुग्णाशेजारी बसून दूरच्या डॉक्टरशी त्याची गाठ घालून देतो, अशीही सोय आहे. त्या कर्मचाऱ्याचे शिक्षण हे वेगाइतकेच महत्त्वाचे पायाभूत काम आहे.

आपल्या घरांतील टोक

नागपूर, औरंगाबाद वा मुंबईहून आलेले आपले वृद्ध आईवडील हे आज आपल्या घरांतील शेवटचे टोक आहेत. डॉक्टरांचा फोन येतो तेव्हा बहुधा सून किंवा नातू मध्ये बसून भाषांतर करतो. प्रेमाने केलेली ही सोय कित्येकदा अडचण ठरते : आजी नातवासमोर गर्भाशयाची तक्रार सांगत नाही, वडील मुलासमोर निराशेविषयी बोलत नाहीत. या देशाने १९७३ सालीच टेलिफोनवरून दुभाषी पुरवण्याची सेवा सुरू केली. ती आज १३१ ४५० या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. सल्ल्याची वेळ ठरवतानाच दुभाषी मागावा; त्यात संकोचाचे कारण नाही.

आणखी काही गोष्टी आपल्या हाती आहेत. व्हिडिओ अडखळू लागला तर चित्र बंद करून आवाज वाचवावा. निदानाचा मोठा भाग संभाषणावर उभा असतो. औषधांची यादी मात्रेसह मोठ्या अक्षरांत फोनजवळ ठेवावी. आईवडिलांचा जुना फोन ००० क्रमांक लावू शकतो का, हे सेवा देणाऱ्या कंपनीकडून खात्री करून घ्यावे. प्रत्यक्ष ००० लावून पाहू नये. घरातील फोन विजेवर चालत असेल तर एक भारित मोबाइल हाताशी असावा.

परंतु घरापुरती सोय लावून आपले काम संपत नाही. २०२० च्या राष्ट्रीय करारात या देशाने २०२६ पर्यंत आदिवासी नागरिकांना डिजिटल सहभागात समान पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. ज्यांच्या भूमीवरून पहिली तार गेली, त्यांच्या कित्येक वस्त्यांत आजही भरवशाचा मोबाइल संपर्क नाही. आपण या देशात करदाते आहोत, मतदार आहोत आणि अनेकजण याच जाळ्यांचे निर्माते आहोत. एखाद्या सेवेची चाचणी कोठे व्हावी, तिची भाषा कोणती असावी, ती कोलमडली तर पर्याय काय, हे प्रश्न विचारण्याच्या खोल्यांत आपण बसतो. त्या खोलीत सर्वांत दूरच्या माणसाचे नाव सर्वांत आधी घेतले जावे, एवढा आग्रह आपण धरू शकतो आणि धरला पाहिजे.